शंभरवर होतो, तरी उजव्या लेनमधून का हटायचं?

सीवूड्सकर

रविवारी रात्री पुण्याहून परत येत होतो. मेहुण्याच्या मुलाचं बारसं आटपून निघायलाच उशीर झाला. शेजारी बायको, मागे आई, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली पोरगी. घाट उतरलो, खोपोली मागे पडली, रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळाला. एक्सप्रेसवेवर मी नेहमी करतो तेच केलं. उजवी लेन धरली, काटा शंभरवर ठेवला आणि निवांत चाललो.

भाताणच्या बोगद्याच्या अलीकडे मागून एक पांढरी एसयूव्ही आली. आधी एकदा डिपर, मग दोनदा, मग थांबेचना. आरशात बघवेना. माझ्या डावीकडची लेन तेव्हा रिकामी होती हे कबूल करतो, पण मी हललो नाही. माझा हिशोब सरळ होता. कारला मर्यादा १००ची, मी १००वर. माझ्या पुढे जायचं तर त्याला कायदा मोडावा लागणार. मग त्याला वाट मी का करून द्यायची?

मिनिटभराने तो डावीकडून आला. मधल्या लेनमध्ये पुढे एक टँकर होता. त्याच्या आणि माझ्या मधल्या फटीतून घुसून तो थेट माझ्या नाकासमोर उतरला. मी कचकन ब्रेक दाबला. आई पुढच्या सीटवर आपटली. फारसं लागलं नाही, पण पोरगी दचकून उठली ती कळंबोलीपर्यंत रडत होती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चूक तुझी आहे." एसयूव्हीवाल्याची नाही, माझी! दोन दिवस घरात हाच विषय तापलाय. म्हटलं इथे विचारावं. नियमाने जाणाऱ्याचं चुकलं कुठे?

खवचट

वहिनींना नमस्कार सांगा.

पारसिकचा_बोगदा

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. मीही हलत नाही. पैसेवाल्यांची मोठी गाडी, वर एलईडीचे पट्टे लावलेले, आणि आम्ही बापुडे बाजूला व्हायचं? ही दादागिरी झाली. आपण हललो नाही तरच यांना वचक बसेल.

कलमकसाई

वचक बसवायचं काम तुम्हाला कोणी दिलं? पोलिसांनी नेमणूकपत्र दिलं असेल तर फोटो टाका.

सीवूड्सकर, फी न घेता सांगतो. तुमच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. वेगमर्यादा हा एक नियम. कुठे चालायचं हा दुसरा. पहिला पाळला म्हणून दुसरा मोडायची सूट मिळत नाही. आपल्याकडे १९८९चे रस्त्याचे नियम होते, त्यांच्या जागी २०१७ साली मोटार वाहन (चालन) विनियम आले. दोन्हीकडे पाया तोच आहे: जमेल तितकं डावीकडून चाला, पुढे जायचं तर उजवीकडून जा. आणि ज्याला कोणी ओलांडतंय त्याने वेग वाढवू नये, अडथळाही आणू नये. समोरचा मर्यादेत असेल तरच, अशी अट तिथे घातलेली नाही.

२०१९च्या दुरुस्तीनंतर हे विनियम मोडले तर कलम १७७अ खाली ५०० ते १००० रुपये दंड आहे. एसयूव्हीवाल्याने जे केलं ते मात्र कलम १८४मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात बसवता येईल, आणि तिथे तुरुंगाचीही तरतूद आहे. तेव्हा गुन्हा त्याचा मोठा, यात वाद नाही. पण वहिनी त्याच्याबद्दल बोलतच नव्हत्या. त्याला त्या ओळखत नाहीत. तुम्हाला ओळखतात.

आणखी एक. तुमच्या काट्यावरचे १०० म्हणजे खरे १०० असतीलच असं नाही. काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये अशी बनवणाऱ्यांवर सक्ती असते, म्हणून तो थोडा चढवूनच दाखवतो. पुढच्या वेळी मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा. ९५-९६ निघाले तर तो माणूस मर्यादेत राहूनसुद्धा तुम्हाला ओलांडू शकत होता.

मास्तर_डोंबिवली

विषय उत्तम. फक्त एक विनंती. 'लेन'ला 'मार्गिका' हा सुरेख मराठी शब्द उपलब्ध असताना तो वापरायला काय हरकत आहे?

खवचट

मास्तर, मार्गिकेत कोणी राहत नाही, लेनमध्ये तरी राहतील का बघू.

घोडबंदरची_रोजची

आईंनी मागे बेल्ट लावला नव्हता ना? आणि मुलगी मांडीवर. लेनचं नंतर बघू, आधी हे. मागच्या सीटलाही बेल्ट सक्तीचा आहे, आणि मांडीवरचं मूल त्या ब्रेकला हातात राहत नाही. रागावू नका, पण वाचून पोटात गोळा आला.

सीवूड्सकर

ताई, बरोबर आहे. मान्य. चाइल्ड सीट माळ्यावर आहे, दर वेळी 'आजी आहे ना मागे' म्हणून राहून जातं. आजच काढतो.

काट्याचं मात्र पटत नाहीये. संध्याकाळी पाम बीचवर ताडून बघतो.

इसारकाठी

बारा वर्षं म्युनिकमध्ये आहे, त्याआधी ठाण्यात नौपाड्यात वाढलो. इथे रस्ता उजवीकडून चालतो, म्हणजे आपला आरसा. जिथे वेगाला मर्यादाच नाही अशा ऑटोबानवरही पहिला नियम हाच की ओलांडून झालं की परत कडेला या. २००च्या वेगाने येणाऱ्यालासुद्धा समोरचा बाजूला होईल याची खात्री असते, म्हणून तो आडवातिडवा घुसत नाही. उलट बाजूने ओलांडणं तर इथे पाप समजतात.

इंग्लंड आपल्यासारखं डावीकडून चालतं. तिथे ओलांडायचं नसताना मधली लेन अडवून बसणाऱ्याला २०१३पासून पोलीस जागेवर १०० पौंड दंड लावू शकतात. मधली लेन, हं. उजवीची गोष्टच सोडा.

इथे ट्रकवाले एकमेकांना ओलांडतात त्याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. एक ६०ने चाललाय, दुसरा ६२ने. मागून येऊन पूर्ण पुढे निघायला साधारण ५० मीटरचा फरक कापावा लागतो. ताशी २ किलोमीटरच्या फरकाने त्याला दीड मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दोघे मिळून दीड किलोमीटर रस्ता अडवून गेलेले असतात. हे गणित मांडलं तेव्हा मला आपला बोरघाट आठवला. तिथे तर तीन-तीन हत्ती.

पारसिकचा_बोगदा

आलं जर्मनी. वाटच बघत होतो.

साहेब, तुमच्याकडे डावी-उजवी कडा वापरता येते. इथे डाव्या लेनमध्ये काय काय असतं ते विसरलात का? मुंब्रा बायपासला या एकदा.

घोडबंदरची_रोजची

हेच लिहायला आले होते. मी कासारवडवलीहून ऐरोलीला ऑफिसला जाते. डावीकडून चाला हे मलाही मान्य आहे. पण घोडबंदर रोडवर डावी लेन म्हणजे थांबलेली रिक्षा, तिच्या मागे थांबलेली बस, उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला, आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायच्या कामाने उघडी पडलेली गटारांची झाकणं. पातलीपाड्यापासून माजिवड्यापर्यंत मेट्रोच्या पत्र्यांनी लेन कुठे सुरू होते, कुठे मरते ते रोज नवीन. पाऊस पडला की पाणीसुद्धा डावीकडेच साचतं, कारण रस्त्याला उतारच दुभाजकाकडून बाहेर दिलेला असतो. खड्डा पाण्याखाली. मग शहाणा माणूस दुभाजकाला चिकटणारच.

म्हणजे माझं म्हणणं सीवूड्सकरांच्या बाजूचं नाही. एक्सप्रेसवेला डावीकडे असं काही नसतं, तिथे त्यांनी सरकायलाच हवं होतं. पण उजवीकडे राहायची सवय आपल्याला लागते ती या रस्त्यांवर, आणि तीच सवय घेऊन आपण एक्सप्रेसवेला जातो. मी स्वतः गेले होते. अटल सेतूवर पहिल्यांदा गेले तेव्हा उजवी लेन धरून समुद्र बघत सत्तरने चालले होते. मर्यादा तिथे १००ची आहे. मागे रांग लागलेली नवऱ्याने दाखवली.

माजिवड्याचं वेगळंच. पुलाला फाटे फुटतात तिथे अर्धे लोक अगदी तोंडाशी येईपर्यंत ठरवत नाहीत की घोडबंदरला जायचं, नाशिककडे जायचं की खालून. डावीकडून शेवटपर्यंत रेटत यायचं आणि मग तिरपी गाडी घालून उभं राहायचं. एक तिरपी गाडी दोन लेन बंद करते.

दुचाकीवीर

कारवाले आपसात भांडतायत. बघायला मजा येतेय.

आम्ही कुठे चालायचं ते पण ठरवा. ठाणे-बेलापूर रोडला डावीकडे चाललो तर बस दाबते, मधे चाललो तर कारवाले हॉर्न मारतात. रबाळ्याला एकदा कारवाल्याने डावीकडचं दार उघडलं, पुढचे पंधरा दिवस हात गळ्यात होता.

ट्रेलरवाला

नमस्कार मंडळी. कळंबोलीला आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एका सेकंडहँड ट्रकवर सुरू केला, आता सहा ट्रेलर आहेत. जेएनपीटीचे कंटेनर आणि स्टील मार्केटचा माल. मी स्वतः चार वर्षं गाडी चालवली आहे, गादीवर बसून लिहीत नाही.

ट्रकवाले उजवीकडे का चालतात, याला शिव्या खूप ऐकल्या. कारण कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

लोड गाडीला सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे मोशन. एकदा मोशन तुटलं की चाळीस टनाची गाडी परत उचलायला चार गिअर पाडावे लागतात, डिझेल वेगळं. वर ताईंनी सांगितलं ते डाव्या लेनमध्ये सगळं आहे: थांबलेली रिक्षा, दिवा नसलेली उभी गाडी, सर्व्हिस रोडवरून न बघता घुसणारा. सायन-पनवेलला तुर्भ्यापासून उरण फाट्यापर्यंत डावीकडून ट्रेलर चालवून बघा, दहा वेळा ब्रेक. उजवीकडे दुभाजक असतो. तो मधे येत नाही, दार उघडत नाही, वळत नाही.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर बसतो उजवीकडे. उजवी कडा त्याला खिडकीतून दिसते. डावीकडे ट्रेलरच्या पोटाशी अख्खी कार लपते. पूर्वी डावीकडे क्लीनर असायचा. डोकं बाहेर काढून 'येऊ दे, येऊ दे' ओरडायचा, हात दाखवायचा. तो ट्रकचा डावा डोळा होता. आता भाडं परवडत नाही म्हणून निम्म्या गाड्या क्लीनरशिवाय पळतात. आमच्याही दोन. खोटं कशाला बोलू.

म्हणून म्हणतो, तुमच्यातले जे डावीकडून सुसाट काढतात ना, ट्रकच्या डावीकडून कधी काढू नका. तुम्ही आम्हाला दिसतच नाही.

आता आमची चूक. एक्सप्रेसवेला जड वाहनांना डावी लेन दिलेली आहे, तसे बोर्ड आहेत, आणि तिथे डावीकडे रिक्षा नाही, बाईक नाही, कारण त्यांना बंदीच आहे. तिथे उजवीकडे चालायला आम्हाला तोंड नाही. घाट चढताना दुसरी गाडी अगदीच मरत असेल तर मधल्या लेनमधून काढावी. पण पोरं ऐकत नाहीत. 'मागे राहिलो' हे त्यांना सहन होत नाही. कारवाल्यांना होत नाही, तसंच. कॅमेरे लागल्यापासून जरा फरक आहे, कारण चलान मालकाच्या मोबाईलवर येतं आणि मालक पगारातून कापतो.

कलमकसाई

हा या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद. क्लीनर हा डावा डोळा, हे मी कोर्टात वापरणार आहे. रॉयल्टी देईन.

मास्तर_डोंबिवली

'मोशन तुटणे' हा वाक्प्रचार प्रथमच ऐकला. नोंदवून ठेवला आहे. इथे मार्गिकेचा आग्रह धरत नाही.

पारसिकचा_बोगदा

ट्रेलरवाले भाऊ, माहितीबद्दल आभार. पण माझा मूळ मुद्दा कोणी खोडलेला नाही. मी बाजूला झालो की एसयूव्हीवाला १४०ने जाणार आणि पुढे कोणाला तरी ठोकणार. मी त्याला १००वर अडवला म्हणजे रस्ता सुरक्षितच झाला ना?

इसारकाठी

तुमच्यामागे तो १००ने शांत चालत राहिला असता तर मुद्दा बरोबर होता. पण तो राहिला का? धाग्यात काय झालं ते वाचा. तो डावीकडून, टँकर आणि कारच्या फटीतून, ड्रायव्हरांना कमी दिसणाऱ्या बाजूने गेला. वाट दिली असती तर एकाच दिशेने वेगात निघून गेला असता. वाट अडवल्यावर तोच माणूस तीन लेनमध्ये नागमोडी झाला, आणि वर चिडलेला.

कलमकसाई

आणि मागे कोण आहे हे तुम्हाला कसं कळणार? रात्री आरशात फक्त दोन दिवे दिसतात. अँब्युलन्स ओळखू येते, तिला वाट न देण्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण खाजगी गाडीत कोणी छातीत दुखणाऱ्या बापाला घेऊन वाशीला पळत असेल तर? त्याच्या टपावर सायरन नसतो.

पारसिकचा_बोगदा

हा भावनिक मुद्दा झाला.

घोडबंदरची_रोजची

भावनिक नाही. आमच्या बाबांना गायमुखहून ठाण्यात आणताना मीच ती गाडी चालवत होते. डिपर मारत होते आणि समोरचा आरशात बघून हसत होता. बाबा बरे आहेत. एवढंच.

पारसिकचा_बोगदा

सॉरी ताई.

नवशिकी_कळवा

मी नवीन आहे, इथेही आणि गाडीतही. लायसन्स चार महिन्यांपूर्वी मिळालं. क्लासमध्ये हाफ क्लच, चढावर गाडी उचलणं आणि रिव्हर्स शिकवलं, लेनबद्दल एक अक्षर नाही. शिकवणारे काका स्वतःच दोन लेनच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर गाडी ठेवायला सांगायचे, म्हणजे 'दोन्हीकडे जायला सोपं'.

पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन आमण्याहून समृद्धीने शिर्डीला जायचं ठरतंय. तीन प्रश्न आहेत, हसू नका. मी कुठल्या लेनमध्ये राहू? ट्रकला ओलांडल्यावर परत डावीकडे कधी यायचं, ते कसं कळतं? आणि ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो 'मी वळतोय' म्हणतो की 'तू पुढे जा' म्हणतो?

इसारकाठी

हसत नाही. पहिल्या दोनांची उत्तरं देतो.

तीन लेन असतील तर मधली, आणि डावी मोकळी असेल तर डावी. समृद्धीला कारला १२०ची मर्यादा आहे, पण १२०ने जायलाच हवं असं नाही. ९०ने जा, फक्त डावीकडून जा. रेषेवर गाडी ठेवायचा सल्ला विसरून जा, त्याने तुम्ही दोन्ही लेन अडवता. तुटक पांढरी रेषा ओलांडता येते, सलग असेल तर लेन बदलायची नाही.

ओलांडल्यावर आतल्या आरशात ट्रकचं पूर्ण तोंड दिसलं पाहिजे, दोन्ही दिवे आणि त्याखालचा थोडा रस्ता. मग डावा इंडिकेटर, डावा आरसा, मान किंचित वळवून एक नजर, आणि हळूच या. आल्या आल्या ब्रेक लावू नका. १००च्या वेगाला एका सेकंदात २८ मीटर जातात. समोरच्यापासून तीन सेकंद धरले तर ८० मीटरच्या वर अंतर लागतं. आपल्याकडे तेवढं अंतर ठेवलं की त्यात दोन गाड्या घुसतात, हे मला ठाऊक आहे. घुसू द्या, परत मागे व्हा.

खवचट

असं मागे मागे होत शेवटी परत आमण्याला पोचाल.

इसारकाठी

:) जर्मनीत वाहतूक तुंबली की सगळे दोन बाजूंना सरकतात आणि मधे अँब्युलन्ससाठी गल्ली सोडतात. गाड्या थांबायच्या आधीच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घशाशी आलं होतं.

दुचाकीवीर

आपल्याकडे ती गल्ली झाली की आधी मी जाईन, मग रिक्षा, मग एक टेम्पो अडकेल. अँब्युलन्स त्याच्या मागे.

ट्रेलरवाला

दुचाकीवीर भाऊ, खरं बोललात म्हणून माफ.

नवशिकी ताई, तिसरा प्रश्न लाखाचा आहे. जुने ड्रायव्हर 'जा पुढे' म्हणायला उजवा देतात, काही डावा देतात, आणि नवीन पोरं खरंच वळताना देतात. कंटेनरच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असायचं, महाराष्ट्रात २०१५ला त्यावर बंदी आली, तेव्हापासून तेवढाही संवाद उरला नाही. आप्पांनी ३५ वर्षं गाडी चालवली, त्यांना विचारून सांगतो. ते गावी आहेत, फोन उचलला तर.

उतारावरचं एक मी आताच सांगतो, विषय निघालाच आहे तर. शिर्डीवरून येताना, किंवा बोरघाट उतरताना, मागून लोड गाडी येत असेल तर तिच्यासमोर राहू नका. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि खाली खोपोलीकडे पोचेपर्यंत पॅडल दाबलं तरी काही होत नाही. आमच्याकडे न्यूट्रल सापडला की माणूस घरी. पण सगळे मालक तसे नाहीत.

सीवूड्सकर

परत आलो. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

आधी काटा. पाम बीचवर ६०ची मर्यादा, तिथे काटा ६०वर ठेवला तर जीपीएस ५७ दाखवत होता. म्हणजे एक्सप्रेसवेवर मी ९५च्या आसपास असणार. 'मी मर्यादेवर होतो' हे मी तिघांना छातीठोकपणे सांगितलं होतं. तिघांनाही परत फोन करायला नको म्हणून इथे लिहितोय.

शनिवारी पुण्याला परत जायचं होतं, आईला सोडायला. या वेळी चाइल्ड सीट, मागे बेल्ट, सगळं. ठरवलं की ओलांडून झालं की डावीकडे यायचंच. पहिली दहा मिनिटं वैताग आला. सारखं आत-बाहेर, आरसे बघा, इंडिकेटर द्या. बायको मोजत होती. नंतर लक्षात आलं की उजवीकडे बसून असताना मी गाडी चालवतच नव्हतो, नुसता बसलो होतो. मागे कोण, बाजूला कोण, काही पत्ता नसायचा.

वेळेचंही गणित केलं. कळंबोली ते किवळे ९४.५ किलोमीटर. सगळा रस्ता १००ने काढला तर ५७ मिनिटं, ८०ने काढला तर ७१. चौदा मिनिटांसाठी मी इतकी वर्षं उजव्या लेनमध्ये तंबू ठोकून होतो, आणि घाटात ती चौदासुद्धा हातात येत नाहीत.

आणि मग येताना, माडपच्या बोगद्यापाशी, समोर एक छोटी निळी गाडी. उजव्या लेनमध्ये, ऐंशीने. डावीकडे सगळं रिकामं. मी एकदा डिपर दिला. हलला नाही. तीन सेकंदांचं अंतर ठेवून मागे थांबलो. परत एकदा दिला. आरशात बघितलं त्याने, मला दिसलं. हलला नाही. माझा पारा चढला होता, डावीकडून काढायला हात शिवशिवत होते. बायको म्हणाली, "बघ, कसा नियमाने चाललाय."

दोनेक किलोमीटरनंतर सरकला. पुढे जाताना बघितलं, माझ्याच वयाचा होता. मागे आजी.

खवचट

वहिनींना पुन्हा नमस्कार.

पारसिकचा_बोगदा

मी एक्सप्रेसवेपुरतं मान्य करतो. मुंब्रा बायपासला मात्र दुभाजक सोडणार नाही, आधी डावी लेन चालण्यासारखी करून द्या.

घोडबंदरची_रोजची

यावर कोणाचंच दुमत नाही हो. आज सकाळी मानपाड्याला माझं चाक एका झाकणात गेलं. डावीकडे सरकले होते, या धाग्याच्या नादाने.

ट्रेलरवाला

आप्पांनी फोन उचलला. नवशिकी ताईंचा प्रश्न वाचून दाखवला. म्हणाले, "इंडिकेटर बघू नको म्हणावं. पुढचं चाक बघ. चाक फिरलं तर गाडी फिरणार, दिवा काही का बोलेना."

नवशिकी_कळवा

आप्पांना धन्यवाद सांगा. पण ट्रकचं पुढचं चाक दिसायला किती जवळ जावं लागेल?

ट्रेलरवाला

परत विचारलं. म्हणाले, तेवढ्या जवळ जाऊ नको म्हणावं.